फुंकर मारू नये

११ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. मोठं काम हाती घेतलं की माणसाने निदान स्वतःशी तरी खरं बोलावं, म्हणून.

काम असं. मी आणि खडू मिळून व्हिडिओ गेम बनवतोय. गेम कोरा करकरीत, पण चालणार आमच्या लहानपणीच्या कन्सोलवर, जो बनवणं कंपनीने कधीच बंद केलं. जगात बरेच लोक हे करतात. याला होमब्रू म्हणतात. म्हणजे घरच्या घरी, हौसेने, कोणी मागितलेलं नसताना.

बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, गेलेल्या माणसासाठी स्वेटर विणण्यातला प्रकार दिसतो. तिला स्वतःच्या ब्यूटी पार्लरपलीकडचं जग नाही. मी सोडून दिलं.

कामाची वाटणी झाली. कोडिंग, चित्रं, आवाज आणि लेव्हल्स खडू बघेल. बाकी सगळं मी.

खडू शाळेत माझ्या बाकावर बसायचा. तेव्हाही एवढाच पांढरा आणि एवढाच बारीक. बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत होता, दिवाळखोर बुद्धीच्या मालकाने गेल्या वर्षी हातात नारळ दिला. हुशार आहे, पण दूरदृष्टी नाही. ती माझ्याकडे आहे. शिवाय कन्सोल माझ्याकडे आहे. ओरिजिनल, चालू स्थितीत. खडूचा त्याच्या आईने भंगारात दिला होता.

संकल्प: रोज एक तास कन्सोलवर. व्यायाम पुढच्या महिन्यापासून.

१४ फेब्रुवारी

गेमचं नाव 'लिफ्टमन'. बारा मजली इमारत, एक म्हातारी लिफ्ट. कोणी पियानो घेऊन येतो, कोणी आजारी आईला, कोणी नुसताच लठ्ठ. वजन जास्त झालं की लिफ्ट हलत नाही. मग कोणाला खाली ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं. कल्पना खडूची. बरी आहे.

मी गच्चीवर ड्रॅगन सुचवला. तो म्हणाला, मेमरी पुरणार नाही. मी म्हटलं, दोन मजले कमी कर. तो गप्प बसला. खडू गप्प बसला की मुद्दा पटला असं समजायचं.

१७ फेब्रुवारी

टीव्हीचा प्रश्न सुटला. जुना कन्सोल चपट्या टीव्हीवर शोभत नाही, त्याला काचेचा जाडा डबा लागतो. तो आमच्याच घरात आहे. सासूबाई गेल्यावर सासरेबुवा आमच्याकडे राहायला आले, तेव्हा एक बॅग आणि तो टीव्ही एवढंच घेऊन आले होते. हे धूड कशाला आणलं, असं मीच तेव्हा सर्वांसमक्ष म्हणालो होतो. आज त्यांना सांगितलं की तुमच्या टीव्हीला ऐतिहासिक मूल्य आहे. म्हातारा खूश.

कन्सोल त्यांच्या खोलीत मांडला. त्यांनी विचारलं, संध्याकाळी सातच्या बातम्यांना टीव्ही मोकळा होईल ना. म्हटलं, अण्णा, हे काय विचारणं झालं?

१८ फेब्रुवारी

बातम्या हुकल्या. बातम्या रोजच असतात.

२२ फेब्रुवारी

खडूने पहिली कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायची गेमची डबी, आणून दिली. जुन्या गेमची खोकी उघडून आतली चिप बदलून त्याने स्वतः बनवली आहे. लेबलच्या जागी नुसती पांढरी पट्टी. लेबलचं डिझाइन मी करणार आहे.

चहा पिता पिता त्याने सगळं सांगितलं. एप्रिलच्या शेवटी जुन्या गेमवाल्यांची जत्रा आहे, हॉल घेऊन. तिथे होमब्रूची स्पर्धा. परीक्षक म्हणून एका गेम कंपनीची मालकीण येणार आहे आणि जो जिंकेल त्याला ती नोकरीवर घेणार आहे. अट एकच, गेम आयोजकांच्या खऱ्या कन्सोलवर चालला पाहिजे. कॉम्प्युटरवरच्या नकलेवर, म्हणजे इम्युलेटरवर, चालून उपयोग नाही.

खडूच्या मोठ्या भावाचं दुसऱ्या शहरात टायरचं दुकान आहे. भावाने सांगून ठेवलंय, मे उजाडेपर्यंत काय ते कर, नंतर मुकाट्याने येऊन गल्ल्यावर बस. खडूला रबराच्या वासाने मळमळतं. शाळेत खोडरबर वापरायलाही तयार नसायचा. मला हसू आलं. तो हसला नाही.

निघताना दारात थांबून म्हणाला, "तुझं काम एकच आहे. रोज एकदा थंड, बराच वेळ बंद असलेल्या मशीनवर लाव, आणि जे दिसेल ते जसंच्या तसं मला सांग. चांगलं दिसलं असं नको सांगूस. काय दिसलं ते सांग."

एवढ्याशा कामाला केवढं भाषण!

२३ फेब्रुवारी

ऐतिहासिक दिवस. 'लिफ्टमन' प्रथमच खऱ्या मशीनवर.

स्विच दाबला. अक्षरं पडद्यावर विखुरलेली, लिफ्ट अर्धी भिंतीत, एका पाहुण्याचं डोकं छताला लटकलेलं आणि धड तळमजल्यावर. खुर्चीतून सासरेबुवा म्हणाले, "बिघडलं?"

कार्ट्रिज काढली, तोंडाशी धरून फुंकर मारली, पुन्हा घातली. लहानपणी हेच करायचो. पुन्हा तेच, फक्त या वेळी डोकं दुसऱ्याचं. मग मशीन ठीक आहे ना हे बघायला माझा जुना गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. झकास चालला. तो बंद करून तत्क्षणी खडूची कार्ट्रिज घातली. आणि लिफ्ट सुरू! गुळगुळीत!

निष्कर्ष: मशीन जुनं आहे, आधी गरम करावं लागतं. हे कळायला हात लागतो. खडूला फोन करून सांगितलं, फर्स्ट क्लास. त्याने विचारलं, काहीच नाही? म्हटलं, काहीच नाही. मशीनच्या तब्येतीच्या गोष्टी प्रोग्रामरला सांगून त्याचा जीव कशाला खालीवर करायचा.

२ मार्च

पद्धत आता पक्की बसली. आधी शर्यतीचा गेम, मग झटक्यात अदलाबदल, मध्ये एक फुंकर. बोटांना सवय झाली आहे. जगात हे जमणारे फार थोडे असतील.

सासरेबुवांची एक वाईट सवय. रोज पहिल्यांदा स्विच दाबला की म्हणतात, आजही बिघडलं. मी सांगितलं, अण्णा, काम चालू असताना कॉमेंट नको. तेव्हापासून नुसते हुंकारतात. ते जास्त त्रासदायक आहे.

५ मार्च

फॅक्टरीत कंटाळा. मी छताच्या पंख्यांच्या फॅक्टरीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. नियमाप्रमाणे प्रत्येक पंखा टांगायचा, फिरवायचा, कान देऊन ऐकायचा आणि मग खोक्यावर 'तपासले' असा शिक्का मारायचा. इतक्या वर्षांनी मला खोकं बघूनच कळतं. शिक्के सकाळीच उरकतो, दुपारी गेमच्या डब्याचं चित्र काढतो. चित्रात ड्रॅगन घेतला आहे.

हाताखालच्या पोरीने विचारलं, सर, यातला एकही लावून बघितला नाही ना? मी म्हटलं, अनुभव म्हणजे काय ते तुला वीस वर्षांनी समजेल.

९ मार्च

एक गंभीर बाब. कन्सोल पिवळा पडलाय. जुन्या प्लॅस्टिकचं हे असंच होतं. मूळ रंग राखाडी, आज दिसतो म्हाताऱ्याच्या दातासारखा. असल्या मशीनवर टेस्टिंग करायला मन घेत नाही.

इंटरनेटवर उपाय सापडला. केसांचा रंग उडवायचं क्रीम चोपडायचं, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. क्रीम तर घरचंच आहे. बायकोच्या पार्लरमध्ये बाटल्याच्या बाटल्या. नियतीलाच हे काम व्हायला हवंय.

संकल्प: कन्सोल पुन्हा राखाडी झाला की रोज दोन तास टेस्टिंग.

११ मार्च

बायको बोलत नाहीये. लग्नाला जायच्या घाईतल्या एका गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की क्रीम संपलंय. बाई अर्ध्या सोनेरी केसांवर रुमाल बांधून गेली. मी म्हटलं, सांगायचं ना, फॅशन आहे. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं, तू तर दुसऱ्याचं अंगण उकरून नेलंस.

कन्सोलचे सुटे भाग गच्चीत ऊन खात आहेत. टेस्टिंग तात्पुरतं स्थगित. खडूने फोनवर विचारलं. म्हटलं, चालू आहे, उत्तम चाललंय.

तत्त्वतः हे खरं आहे. मनात मी रोज लावतो.

१६ मार्च

कन्सोलवर पट्टे आलेत. क्रीम सारखं लागलं नाही वाटतं. मुलगी म्हणाली, बाबा, झेब्रा. तिला म्हटलं, अभ्यास कर.

पुन्हा क्रीम लावणं भाग आहे. बायको बाटल्या कुलपात ठेवते आता.

२४ मार्च

खडू घरी यायचं म्हणतोय. म्हणे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी तुझ्या मशीनवर बघू दे, त्याशिवाय झोप लागत नाही. मला राग आला. हा अविश्वास झाला. शिवाय पट्टे. त्याला म्हटलं, घरात पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात ये.

३१ मार्च

खडूचा पुन्हा फोन. म्हटलं, मुलीला ताप आहे. मुलगी समोरच सायकल चालवत होती. ती माझ्याकडे बघत राहिली. या वयात मुलं फार टोचून बघतात.

३ एप्रिल

कन्सोल जोडून परत सासरेबुवांच्या खोलीत. पट्ट्यांसकट. आता त्याला एक व्यक्तिमत्त्व आलंय.

खडूने नवी कार्ट्रिज कुरिअरने पाठवली. गेम पूर्ण! पद्धतीने लावला. मान्य केलं पाहिजे, पोरगं तयार आहे. पियानोवाला दारात उभा राहून घाम पुसतो. आजारी आईवाल्याला खाली ठेवून गेलात तर तो जिन्याने चढायला लागतो, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत लिफ्टच्या जाळीतून तो जिन्यावर दिसत राहतो, आईला पाठीवर घेतलेला. सासरेबुवा खुर्ची ओढून पुढे आले. म्हणाले, त्याला घ्या हो आत. मी घेतलं नाही, पियानोला पॉइंट जास्त आहेत. म्हातारा उठून बाल्कनीत गेला.

मी दुसऱ्या लेव्हलपुढे जात नाही. गेम अवघड आहे. पण माझं काम खेळणं नाही, दिशा देणं आहे.

१० एप्रिल

नावांवरून चर्चा. मी खडूला सांगितलं की सुरुवातीच्या पडद्यावर माझं नाव वर हवं. संकल्पना, मार्गदर्शन, हार्डवेअर आणि टेस्टिंग. तो म्हणाला, हवं ते लिहितो, तू फक्त एक सांग, थंड मशीनवर पहिल्या झटक्यात चालतो ना? म्हटलं, पालथ्या घड्यावर किती वेळा पाणी ओतू? चालतो.

बायको मागे उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, अण्णा तर म्हणतात रोज आधी बिघडतं आणि मग तू काहीतरी करतोस. तेवढं सांग की त्याला. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. ती म्हणाली, मला यातलं काही कळत नाही, पण बिघडलेलं कळतं. मीच फोन करू का त्याला? मी स्पष्ट सांगितलं, माझ्या मित्राला माझ्या परवानगीशिवाय फोन करायचा नाही. तिने मान हलवली आणि गेली.

घरात शिस्त हवीच.

२१ एप्रिल

घोडामैदान जवळ आलं. खडूने भावाला सांगितलंय की एक तारखेला कळवतो. मी त्याला धीर दिला की मी बरोबर आहे. तो म्हणाला, तेच. कशाबद्दल ते विचारायचं राहिलं.

नवा शर्ट घेतला. मालकीणबाईंना दोन शब्द सांगावे लागतील, ते पाठ केले. "मी केवळ निमित्त आहे" अशी सुरुवात आहे.

२८ एप्रिल, संध्याकाळ

आयोजन ढिसाळ. पार्किंगची बोंब. चहा गार.

मोठा हॉल. टेबलांवर आमच्या पिढीचे लोक पोटं सांभाळत जुने कंट्रोलर दाबत होते. व्यासपीठावर एक टीव्ही, एक कन्सोल. कन्सोल इतका स्वच्छ राखाडी होता की मला शंका आली. मालकीणबाई साध्याच. बूट कॅनव्हासचे. पुढच्या रांगेत खडू, भावाचा मोठा शर्ट घालून.

नियम जाहीर झाला. प्रत्येकाने कार्ट्रिज घालायची, एकदा स्विच दाबायचा आणि हात मागे. मी आयोजकाला विचारलं, आधी दुसरा एखादा गेम लावता येईल का, शुभशकुन म्हणून. तो म्हणाला, नाही. प्रत्येक गेमआधी मशीन मुद्दाम बराच वेळ बंद ठेवत होते, सगळ्यांना सारखी संधी म्हणून.

स्विच मीच दाबणार असं मी आधीच ठरवून घेतलं होतं. दाबला.

लिफ्ट भिंतीत. डोकी छताला. या वेळी तर आवाजही आला, किणकिणत राहणारा, बंदच होईना. हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मी कार्ट्रिज उपसली आणि फुंकर मारली. आयोजकाने माझा हात धरला आणि माइकवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फुंकू नका हो काका, थुंकी जाते आत." मग अख्खा हॉल हसला. काका म्हणायचं कारण नव्हतं. तो माझ्याच वयाचा होता.

त्यांनी आणखी एक संधी दिली. तेच झालं.

खडू वर आला. पडद्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. हळूच विचारलं, "हे घरी कधी झालं होतं?"

मी म्हटलं, "कधीच नाही."

हे खोटं नाही. बिघाड वेगळा आणि मशीनची सवय वेगळी. शिवाय त्या क्षणी दुसरं काय बोलणार? मालकीणबाई ऐकत होत्या.

त्यांनी मला विचारलं, हा गेम तुमचा का. मी म्हटलं, कल्पना आणि देखरेख माझी, कोडिंग यांचं. प्रोग्रामर तसे नवखे आहेत, घाई करतात. खडू तिथेच उभा होता. त्याने फक्त भावाच्या शर्टाची बाही वर सारली. मालकीणबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. पुढचा गेम एका बदकाचा होता. बदक चाललं. बदकवाल्याला नोकरी मिळाली.

भाषण राहून गेलं.

२९ एप्रिल

शांतपणे विचार केला. दोष कोणाचा? आयोजकांचा, गार मशीन ठेवल्याबद्दल. खडूचा, असा नाजूक गेम बनवल्याबद्दल. माझा असलाच तर एवढाच की मी मित्रावर विश्वास टाकला.

त्याला तीन वेळा फोन केला. उचलला नाही. कानाला खडा.

३० एप्रिल

मी फॅक्टरीत असताना खडू घरी येऊन गेला. कार्ट्रिज न्यायला. नशीब मी नव्हतो, उगाच शब्दाला शब्द वाढला असता.

बायकोने सांगितलं ते असं. तिने त्याला चहा दिला, तो अण्णांच्या खोलीत जाऊन बसला. अण्णांनी विचारलं, काय झालं हो स्पर्धेचं. तो म्हणाला, बिघडलं. अण्णा म्हणाले, "ते रोजच बिघडायचं, माझ्या सातच्या बातम्यांच्या वेळेला. पहिल्यांदा लावलं की नुसता कचरा. मग जावईबापू गाडीचा गेम लावायचे, आणि त्याच्यावर तुमचा लावला की चालायचा. तुम्हाला म्हणाले नाहीत?"

खडूने हातातला कप खाली ठेवला म्हणे. बराच वेळ पट्ट्यापट्ट्यांच्या कन्सोलकडे बघत बसला. चहा तसाच होता. मग अण्णांना विचारलं, पहिल्या दिवसापासून का? अण्णा हो म्हणाले. मग त्याने त्यांना वाकून नमस्कार केला आणि गेला.

बायकोला म्हटलं, अण्णांना घरच्या गोष्टी बाहेर सांगायची काय गरज होती? ती म्हणाली, मी फोन करायला हवा होता. तुझं ऐकलं ही माझी चूक. मग रडली. माझ्या मित्राच्या गेमसाठी ही का रडते, हे मला समजलं नाही.

संध्याकाळी खडूचा मेसेज. "जुनं मशीन सुरू होतं तेव्हा त्याच्या मेमरीत काहीही कचरा असतो. गेमने तो आधी पुसायचा असतो. मी विसरलो होतो. इम्युलेटर मेमरी स्वतःच पुसून देतो, म्हणून माझ्याकडे कधी दिसलं नाही. आणि तुझ्याकडे आधीचा गेम पुसून ठेवायचा. चार ओळी होत्या. फेब्रुवारीत सांगितलं असतंस तर चहा संपायच्या आत लिहिल्या असत्या."

म्हणजे चूक त्याचीच होती. लेखी कबुली.

मालकीणबाईंनाही त्याने कळवलं असं ऐकतो. त्या म्हणाल्या, जागा भरली.

१ मे

खडू गेला. स्टेशनवर जायचा विचार होता, पण गर्दीचा मला त्रास होतो.

तसं बघितलं तर टायरचा धंदा बारमाही. गाड्या वाढतच आहेत. गेमच्या धंद्यात काय भरवसा? एका परीने मी त्याचं भलंच केलं.

२३ मे

फॅक्टरीत कटकट. मार्चमधल्या पंख्यांचा अख्खा लॉट परत आलाय. डुगडुगतात म्हणे. सगळ्या खोक्यांवर माझा शिक्का. साहेबांनी विचारलं, लावून बघितला होता का एक तरी? मी म्हटलं, सर, पंखा आधी थोडा गरम होऊ द्यावा लागतो. साहेबांनी हात पुढे करून शिक्का मागितला.

उद्यापासून पॅकिंग विभाग. शिक्का त्या हाताखालच्या पोरीकडे गेला. पॅकिंगमध्ये डोक्याला ताप नाही.

संकल्प: नवा प्रकल्प. या वेळी प्रोग्रामर नीट निवडायचा.

६ जून

तीन प्रोग्रामरना विचारलं. एकाने विचारलं, तुम्ही नेमकं काय करणार? संभाषण तिथेच संपलं.

शर्यतीचा गेम खेळावा म्हणून कन्सोल लावला. मन रमेना. सासरेबुवांनी विचारलं, आज तुमचे मित्र येणार का. म्हटलं, नाही. ते म्हणाले, चांगला मुलगा होता. होता कशाला? आहे की.

१९ जून

कुरिअर आलं. मी सही करायला पुढे झालो तर तो माणूस म्हणाला, तुमच्या नावाचं नाही. पार्सल सासरेबुवांच्या नावावर होतं. आत कार्ट्रिज. लेबल छापलेलं. लिफ्टच्या जाळीतून दिसणारा जिना, आणि त्यावर आईला पाठीवर घेतलेला माणूस. ड्रॅगन नाही. चिठ्ठी होती, "काका, दुकान आठला बंद होतं, त्यानंतर पूर्ण केला. एकदा थंड मशीनवर लावून काय दिसतं ते कळवा." खाली फोन नंबर. मला माहीत असलेला नंबर नव्हता. म्हणजे त्याने बदलला.

सासरेबुवांना कन्सोल लावता येत नाही, तेव्हा मी आपणहून पुढे झालो. बायको आणि मुलगी दारात येऊन उभ्या राहिल्या. सवयीने शर्यतीचा गेम हातात घेतला. सासरेबुवा म्हणाले, तो नको, थंडच लावा असं लिहिलंय. मग कार्ट्रिज तोंडाशी नेली. मुलगी म्हणाली, बाबा. एवढंच म्हणाली. मी खाली घेतली.

घातली. स्विच दाबला.

पहिल्याच झटक्यात सुरू. काळ्या पडद्यावर पांढरी, सुबक अक्षरं. 'लिफ्टमन'. खाली एक ओळ, 'टेस्टिंग: अण्णा'. त्याच्याखाली, 'फुंकर मारू नये'. बस, एवढंच. मी तो पडदा जाईपर्यंत बघितला. मग बंद करून पुन्हा लावला आणि पुन्हा बघितला, घाईत एखादी ओळ सुटली असेल म्हणून. सुटली नव्हती.

मला वाईट वाटलं. कशाचं ते इथे लिहीत नाही.

सासरेबुवांनी फोन मागितला. चष्मा लावून नंबर फिरवला आणि उभ्याने बोलले, साहेबांशी बोलावं तसं. म्हणाले, "लावला. थंडच होता. बिघडला नाही." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "हो, आहेत ना. इथेच बसलेत." मग बराच वेळ ऐकत राहिले, आणि बरं म्हणून फोन ठेवला.

मी विचारलं, काय म्हणाला?

म्हणाले, काही नाही. सात वाजले का विचारत होता, तुमच्या बातम्या असतील म्हणाला.

मग मी कन्सोलची वायर काढली आणि त्यांना बातम्या लावून दिल्या.